नदीबरोबर सरकणारी चौदा वावरं

डॉक्टरला माणूस दुखणं आलं की बोलावतो, भटजीला मंगलकार्याला बोलावतो. मोजणीदाराला मात्र तो भावाशी बोलणं बंद झाल्यावरच बोलावतो. बत्तीस वर्षं मी जळगावला राहून खानदेशातली वावरं मोजली. आधी सरकारी खात्यात, मग स्वतःचा परवाना काढून. एवढ्या वर्षांत हसतमुखाने दार उघडलेलं घर मला आठवत नाही. एका बाजूचे लोक चहा द्यायचे, दुसऱ्या बाजूचे बांधावर उभे राहून शिव्या द्यायचे, आणि मोजणी झाली की बहुधा दोघं मिळून मला शिव्या द्यायचे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "धंद्यातल्या गमतीजमती लिहा" असं कळवलं आहे. गमती आहेत, पण मला आज जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही, आणि त्याबद्दल मी माफीही मागणार नाही.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमची साखळी तेहेतीस फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांना आम्ही आणे म्हणतो. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. साखळी ओढून ओढून तिच्या कड्या फाकतात आणि ती लांबते, म्हणून रोज सकाळी ती ताडून बघावी लागते. माझ्या ओट्याच्या फरशीवर त्यासाठी दोन खुणा कोरलेल्या आहेत. मोजलेलं सगळं जागेवरच शाईने टिपणवहीत लिहायचं. टिपणवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची, पण चुकलेलं वाचता आलं पाहिजे. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण आमच्या धंद्यात अब्रू म्हणून जे काही आहे ते त्या नियमात आहे.

गमतीचं एकच सांगतो आणि संपादकांच्या ऋणातून मोकळा होतो. चोपड्याकडच्या एका मुलीच्या बापाने होणाऱ्या जावयाची जमीन चोरून मोजण्यासाठी मला बोलावलं. मी कापसाचा दलाल म्हणून गेलो आणि पिकाची चौकशी करत पावलांनी वावरं मोजली. सांगितली होती सव्वीस एकर. निघाली अकरा, त्यातली तीन काकाची. लग्न व्हायचं ते झालंच, कारण मुलीला मुलगा पसंत होता. त्या बापाने मला अक्षतेलासुद्धा बोलावलं नाही.

आता काकडबेटाकडे येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. चैत्र होता. माझ्या ओट्यावर एक म्हातारी दोन माणसं घेऊन आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय वाळूने पांढरे. तिचं नाव धुरपताअक्का. बेटावर सगळे तिला नुसतं अक्का म्हणत. तापीच्या पात्रात, दोन धारांच्या मधे, चौदा घरांचं हे काकडबेट. पावसाळ्यात ही मंडळी झोपड्या मोडून काठावरच्या पडीत जागेत येऊन राहत आणि पूर ओसरला की पुन्हा बेटावर झोपड्या बांधत. मळईची, म्हणजे पुराच्या गाळाची जमीन, काकडी, टरबूज, वांगी असं पीक की वांग्यांना नावाजलेल्या असोद्याच्या शेतकऱ्यानेसुद्धा थांबून बघावं.

काठावरच्या एका बड्या बागाईतदाराचा त्या मळईवर डोळा होता. त्याला सगळे रावसाहेब म्हणत, मीही तेच म्हणतो. त्याने अर्ज केला होता की हे बेट नवीन आहे; जुनं बेट केव्हाच वाहून गेलं, आत्ताचं नदीने नंतर घातलेलं, म्हणून ते सरकारचं, आणि सरकारने ते आपल्याला पट्ट्याने द्यावं. कायदा तसाच होता. नदीत नवीन बेट उगवलं तर ते सरकारचं. जुनं असेल तर कसणाराचं. तेव्हा सगळा प्रश्न एवढाच होता की काकडबेट जुनं की नवं. नवं ठरलं तर चौदा घरं उठणार होती.

अक्काने माझी साखळी हातात घेऊन पाहिली.

"हाई साखळी कोनी शे? सरकारनी का तुमनी?"

"माझी."

"खरं बोलस का?"

"साखळी खरंच बोलते, अक्का. पण तुम्हाला आवडेल असंच बोलेल हे मी सांगत नाही."

तिने सोबतच्या माणसांकडे बघितलं. "माले खरंच पाहिजे," ती म्हणाली. "खोटं सांगनारा रावसाहेबकडे बठ्ठा शेतस."

खोटं सांगणारे सगळे रावसाहेबांकडेच, यावर मी हसलो आणि फी ठरवली. मनात आलं, अशी अशिलं असतील तर काम सोपं आहे.

तीन दिवसांनी मी आणि सुपडू बेटावर पोचलो. सुपडू माझा साखळी ओढणारा, वयाने माझ्याहून दोन वर्षं थोरला आणि तोंडाने फार फाटका. काठावरच्या खडकावर तीन गावांच्या शिवा मिळतात, तिथला दगड पक्का होता. त्याला ना नदीने हात लावला होता ना माणसाने. जुन्या सरकारी टिपणात त्या दगडापासून बेटावरच्या पहिल्या दगडाचं अंतर लिहिलेलं होतं. ते आम्ही काढलं, झेंड्या लावल्या, दिशा धरली, आणि जिथे सरकारी दगड असायला हवा तिथे बघतो तर कमरेइतकं पाणी. दगड होता, पण खाली, प्रवाहाच्या अंगाला, बारा साखळ्या दूर. त्यावर सरकारी नंबर कोरलेला स्पष्ट दिसत होता. दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळे चौदा नंबर जागा सोडून खाली आलेले.

पुराने दगड वाहून गेले तर ते आडवेतिडवे पडतात. हे तर नीट खड्डे खणून, पाचर ठोकून उभे केलेले होते. माझं डोकं फिरलं. तोवर मी बांध कोरणारे पाहिले, दगड चोरणारे पाहिले, पण सबंध गावच्या गावाने सरकारी दगड उचलून नेलेले पहिल्यांदाच पाहत होतो. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "तुम्ही चोर आहात! आणि मला खरं सांगायला बोलावता?" आणि रागाच्या भरात टिपणवहीत शाईने लिहिलं: "दगड गावकऱ्यांनी जागचे हलवले आहेत. लबाडी."

हा शेवटचा शब्द लिहायचं काहीच काम नव्हतं. टिपणवहीत मोजलेलं लिहायचं असतं, वाटलेलं नाही. खात्यात नव्याने आलेल्या पोरांना हे मीच शिकवत असे.

पुरुष मंडळी खाली बघत होती. मग भिका नावाचा एक हडकुळा माणूस, ज्याचं वावर बेटाच्या डोक्याला, म्हणजे वरच्या टोकाला होतं, तो म्हणाला, "नाना, चोर नही शेतस आम्ही. नदी सरकनी, मंग वावर सरकनं. वावर सरकनं का धोंडा बी सरकस. धोंडा वावरना शे, जागाना नही."

"म्हणजे दरवर्षी हलवता?"

"दर साल," अक्का म्हणाली. "नदी वरथून खास आनि खाले देस. जो डोकाले शे त्यानं वावर पानीमा जास, जो शेपटीले शे त्याले फुकट भेटस. हाई बरं शे का? म्हनीसन बठ्ठा सरकतस."

मी साखळी खाली ठेवली आणि बसलो. मग त्यांनी मला त्यांची सरकवणी समजावून सांगितली. दसऱ्यानंतर पूर ओसरला की बेटाचं डोकं नदीने किती खाल्लं ते बघायचं. तेवढ्या लांबीचा एक बांबू तोडायचा. डोक्यापासून शेपटीपर्यंत एक लांब दोर ताणायचा आणि त्या दोराच्या ओळीत प्रत्येक दगड त्या एकाच बांबूने खाली सरकवायचा. काम झालं की बांबू कानबाई देवीचं नाव घेऊन नदीत सोडायचा, म्हणजे पुढच्या साली कुणाला जुनं माप वापरता येऊ नये.

"आणि कुणी आपला दगड दोन हात पुढे टाकला तर?"

भिका हसला. "सोताना धोंडा सोता उचलाना नही, नाना. शेजारीना उचलाना. मना धोंडा मना शेजारी उचलस, त्याना धोंडा दुसरा उचलस. शेजारी माले दोन हात जास्त देई का?"

सरकारने शेजाऱ्यावर नजर ठेवायला मला नेमलं होतं, माझ्यावर नजर ठेवायला तपासनीस, आणि तपासनिसावर साहेब. ही अडाणी म्हणवणारी माणसं ते काम शेजाऱ्यालाच देऊन मोकळी झाली होती.

पण कायद्याने हा गुन्हाच होता. सरकारी दगड हलवणं म्हणजे गुन्हा, मग तो कुठल्याही हेतूने असो. आणि रावसाहेबांच्या वकिलाला हेच हवं होतं: बेट जुन्या जागी नाही, दगडही जुन्या जागी नाहीत, आणि मोजणीदाराच्या हातचं "लबाडी". मी वहीकडे बघितलं. माझ्याच अक्षराने मी चौदा घरांचा गळा आवळला होता.

सुपडूने मला बाजूला घेतलं. "नाना, वही नदीमा पडनी म्हनी सांगी द्या. दुसरी लिखी टाका. नदी काय कोर्टमा येई का साक्ष देवाले?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. वही हातात धरून मी पाण्याच्या काठापर्यंत गेलोसुद्धा. पण चार पानं आधी असोद्याच्या दोन भावांची मोजणी होती, त्याआधी एरंडोलच्या एका विधवेची. हे पान बुडवलं तर त्यांनाही बुडवल्यासारखं होतं. उद्या कुणीही म्हणेल, यांची वही पाहिजे तेव्हा नदीत पडते. मी परत फिरलो. वही बुडवायची नाही, मग उरलेली पानं तरी अशी भरायची की त्या एका शब्दाला तोंड वर काढता येऊ नये, असं मी ठरवलं.

पुढचे नऊ दिवस मी चौदाही वावरांची प्रत्येक बाजू मोजली. प्रत्येक कोपरा, प्रत्येक कर्ण. ऊन असं की साखळी हाताला धरवत नव्हती. सुपडू दोन्ही हातांना फडकी बांधून ती ओढत होता आणि मला, नदीला आणि सरकारला एकाच दमात शिव्या घालत होता. जळगावला येऊन मी नकाशा काढला. मग सरकारी कचेरीतून जुन्या नकाशाची नक्कल आणली आणि ती पारदर्शक मेणकापडावर उतरवली. मेणकापड माझ्या नकाशावर ठेवलं. जुळेना. मग ते हळूहळू प्रवाहाच्या दिशेने सरकवलं. बारा साखळ्या सरकल्यावर चौदाही वावरं एकदम आपापल्या जागी बसली. रेघेवर रेघ. फक्त भिकाच्या एका कोपऱ्यात दोन आण्यांचा फरक होता, आणि तोही भिकाच्या तोट्याचा.

एवढ्या वर्षांच्या सरकवणीत एकाही माणसाचं वावर हातभरही वाढलं नव्हतं. शेपटीला नदीने घातलेली जास्तीची मळई कुणी नावावर घेतली नव्हती. ती गुरांना चरायला सोडली होती. दगड हलवणारा चोर स्वतःसाठी हलवतो. इथे सगळं हललं आणि कुणालाच काही मिळालं नाही. मला त्या मेणकापडासमोर खरोखर लाज वाटली, आणि त्या लाजेचं लगेच रागात रूपांतर झालं, कारण आता मला लढता येणार होतं.

सुनावणी दसऱ्यानंतर झाली. तालुक्याच्या गावी प्रांतसाहेब मुक्कामाला आले होते. माणूस आपलाच, गोरा नव्हे, शिकलेला, नीटनेटका. टेबलावरची दौतसुद्धा कोपऱ्याला काटकोनात ठेवणारा. रावसाहेब खुर्चीवर, बेटाची मंडळी जमिनीवर. त्यांच्याकडे वकील नव्हता, मीच होतो.

रावसाहेबांच्या वकिलाने माझी वही मागितली आणि ते पान मोठ्याने वाचलं. "'लबाडी'. हे अक्षर आपलंच ना?"

"माझंच."

"मग आता काय सांगायचं उरलं?"

"त्या पानावर दोन गोष्टी लिहिल्या आहेत," मी म्हणालो. "दगड हलवले हे मोजून लिहिलं आहे, ते खरं आहे. लबाडी हे न मोजता लिहिलं, ते खोटं आहे. खोटेपणा माझा, यांचा नाही. म्हणून मी ते खोडलं नाही, एक रेघ मारून शेजारी सही केली. आता पान उलटा. पुढे नऊ दिवसांचं मोजलेलं आहे."

वकील पान उलटायला तयार नव्हता. प्रांतसाहेबांनी वही आपल्याकडे घेतली. मी नकाशा टेबलावर पसरला, मेणकापड वर ठेवलं आणि म्हणालो, "साहेब, हे आपणच सरकवा." त्यांनी दोन बोटांनी मेणकापड सरकवलं. चौदा वावरं बसली. त्यांनी ते उचललं, पुन्हा वर नेलं आणि पुन्हा सरकवलं. कचेरीतले कारकूनसुद्धा माना लांब करून बघायला लागले. मी सांगितलं, "नवं बेट असतं तर त्यावर जुन्या बेटाची चौदा वावरं अशी उतरली नसती. बेट एकदाही मेलेलं नाही. ते चाललं आहे, आणि ही माणसं त्याच्याबरोबर चालली आहेत."

रावसाहेब काहीतरी बोलायला उठले. साहेबांनी हाताने त्यांना बसवलं.

"बेट जुनंच आहे," साहेब म्हणाले. बेटाची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. "दगड हलवण्याच्या गुन्ह्याकडेही मी या वेळी कानाडोळा करतो. पण यापुढे हे चालणार नाही. दगड आज आहेत तिथे चुन्यात पक्के बसवायचे. नकाशावर 'कायम हद्द' असं लिहायचं, मोजणीदाराने सही करायची आणि चौदाही कुटुंबप्रमुखांनी अंगठे द्यायचे, की पुन्हा दगडाला हात लावणार नाही. तसं झालं की मी बेट तुमच्या नावे कायम करतो."

कारकुनाने शाईची गादी पुढे सरकवली. मी अक्काला म्हणालो, "द्या अंगठा, अक्का. जिंकलात."

अक्का उठली, टेबलापाशी आली, आणि तिने हात पदराखाली घेतला.

"मी देवाव नही."

"अक्का, अहो, बेट मिळतंय!"

"कोनले भेटस?" ती माझ्याकडे वळली. "मनं वावर शेपटीले शे. धोंडा पक्का व्हयना का मनं वावर दर साल वाढी. भिकानं डोकाले शे. चार वरीसमा तो पानीमा उभा राही, आनि मी त्याले मजुरीले बलावसु. हाई माले नही पाहिजे. बठ्ठासनं राही, नही तं कोनंच राहाव नही."

साहेबांनी तिला समजावलं. मी समजावलं. मला तिचा संताप आला होता. नऊ दिवसांची मेहनत, सगळ्यांसमोर गिळलेली स्वतःची थुंकी, आणि ही बाई जिंकलेला डाव उधळते म्हणजे काय! साहेबांनी गादी भिकापुढे केली. त्याने अक्काकडे बघितलं आणि हात मागे घेतला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. चौदापैकी एकानेही अंगठा दिला नाही.

"ठीक," साहेब म्हणाले. "निदान मोजणीदाराची सही होऊ द्या." त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला. खाली कारकुनाने लिहिलेलं होतं: "कायम हद्द".

मी टाक घेतला. ते दोन शब्द वाचले. मोजलेलं लिहायचं, वाटलेलं नाही, हे मी एकदा विसरलो होतो आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागता लागता राहिली होती. मी त्या शब्दांवर एक रेघ मारली, वाचता येतील अशी, आणि शेजारी लिहिलं, "ही हद्द या सालापुरती आहे. नदी सरकते." खाली सही केली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुमच्या परवान्याची मुदत कधी संपते?"

"चैत्रात, साहेब."

"तो नवा करताना माझा अभिप्राय मागतात."

"मग आपण मोजलेलं असेल तेच लिहा."

त्या उत्तराची किंमत मी दोन वर्षं मोजली. परवाना नवा झाला नाही. मी एका खाजगी शाळेत गणित शिकवून दिवस काढले, आणि घरातून काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. काकडबेटाचे कागद प्रांताकडून वर गेले, वरून खाली आले, साहेब बदलले, आणि अंगठे नाहीत म्हणून निकाल कुणालाच देता आला नाही. रावसाहेब कंटाळले आणि त्यांनी दुसरीकडे जमीन घेतली. बेट अजून तिथेच आहे, म्हणजे तिथे नाही, आणखी खाली आहे, आणि चौदा घरं त्यावर आहेत. कायद्याने ती आजही कच्चीच आहेत. याचं मला दुःख आहे. पक्कं करून देता आलं असतं असा एक क्षण माझ्या हातात आला होता, आणि तो मी रेघ मारून घालवला. पुन्हा आला तर पुन्हा रेघ मारीन.

त्या दिवशी कचेरीत साहेब टाक आपटून उभे राहिले तेव्हा बेटाची मंडळी दाराबाहेर पडली होती. अक्का पुढे, भिका तिच्या मागे, बाकीचे झपाझप नदीच्या रस्त्याला लागलेले. साहेब खिडकीपाशी गेले.

"निकाल न ऐकता हे निघाले कुठे?"

"पूर ओसरलाय, साहेब," मी वही बंद करून म्हणालो. "दगड उचलायला चाललेत."